‘लो फॅट’ची कुळकथा

बाजारांतून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर किंवा दह्याच्या डब्यावर ‘लो फॅट’ हे दोन शब्द ठळकपणें छापलेले दिसले, कीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना एक प्रकारचा दिलासा मिळतो. डॉक्टरांनीं तेलतूप कमी करावयास सांगितलें आहे, ह्या पदार्थांत तें कमी आहे, तेव्हां हा पथ्यास चालेल, असा तो सरळ हिशेब असतो. हा हिशेब कितपत बरोबर आहे, हें आज पाहावयाचें आहे. त्यासाठीं आहारशास्त्राचीं सूत्रें सांगत बसण्यापेक्षां ह्या दोन शब्दांची कुळकथा सांगणें मला अधिक उपयोगाचें वाटतें. प्रयोगशाळेंतून निघून आपल्या फडताळांत येईपर्यंत ते शब्द एका राष्ट्राध्यक्षाच्या आजारपणांतून, एका सेनेट-समितीच्या दालनांतून आणि मुख्यतः कारखानदारांच्या हातांतून गेलेले आहेत. आणि ह्या प्रवासांत त्यांचा मूळचा अर्थ पुष्कळच झिजला आहे.

स्निग्धांश काढून घेणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. आपल्याकडे दहीं घुसळून लोणी काढीत आणि खालीं राहिलेलें ताक पीत. हें ताक आजच्या भाषेंत ‘लो फॅट’च म्हणावयाचें. मात्र त्या लोण्याचें तूप होऊन तें त्याच घरच्या भातावर पडे, आणि ताक प्यालों म्हणून आपण कांहीं पथ्य पाळलें, असें कोणास वाटत नसे. पुढें १८७८ सालीं स्वीडनमधील गुस्ताव्ह द लावाल यानें दुधांतील साय सतत वेगळी काढणारें, गरगर फिरणारें यंत्र तयार केलें, आणि पाश्चात्त्य देशांतील दुग्धालयांत लोण्याबरोबरच सायहीन दुधाचेहि सांठे होऊं लागले. त्यांतील पुष्कळसें दूध वासरांना व डुकरांना पाजण्यांत येई. हेंच दूध एके काळीं सुशिक्षितांच्या मेजावर मानानें विराजमान होईल, असें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर दुग्धालयाचा मालक हंसलाच असता.

मुंबईंतील हकीकत याहून निराळी, आणि माझ्या मतें अधिक सरळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहरांत दुधाचा मोठा तुटवडा होता. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा सहा-सात असतो. त्यांत पाणी आणि सायहीन दुधाची भुकटी योग्य प्रमाणांत मिसळली, तर स्निग्धांश निम्म्यावर येतो, दुधाचीं इतर सत्त्वें बहुतांशीं कायम राहतात, आणि तेंच दूध जवळजवळ दुप्पट माणसांना पुरतें. दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं मुंबईंत हें ‘टोन्ड’ दूध निघालें. दुग्धव्यवसायांतील कार्याबद्दल खुरोडी यांना पुढें १९६३ सालीं त्रिभुवनदास पटेल व वर्गीज कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ह्या दुधांतील स्निग्धांश कमी करण्यांत हृदयाचा विचार नव्हता, खिशाचा होता. आणि तो कोणी लपविलाहि नाहीं.

हृदयाचा विचार आला तो अमेरिकेंतून. ता. २४ सप्टेंबर १९५५ रोजीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथें हृदयविकाराचा झटका आला. डॉ. पॉल डडली व्हाइट यांनीं पत्रकारांना बोलावून हा रोग म्हणजे काय, हें साऱ्या राष्ट्राला समजेल अशा भाषेंत सांगितलें. तोंपर्यंत कुजबुजीचा असलेला विषय एका रात्रींत चव्हाट्यावर आला. न्याहारीच्या ताटांतील अंडें आणि लोणी यांच्याकडे लोक हळूहळू संशयानें पाहूं लागले. ह्याच आयसेनहॉवर यांनीं १९४९ पर्यंत दिवसाकांठीं सुमारें चार पाकिटें सिगारेटी ओढल्या होत्या, ह्या गोष्टीकडे मात्र त्या मानानें कमी लोकांचें लक्ष गेलें.

ह्या संशयाला शास्त्राचा आधार देणारे प्रमुख गृहस्थ म्हणजे मिनेसोटा विद्यापीठांतील ॲन्सेल कीज. त्यांनीं १९५३ सालीं सहा देशांचे आंकडे मांडून स्निग्ध पदार्थांचा खप आणि हृद्रोगाचे मृत्यु यांचा चढता आलेख काढला. १९५७ सालीं येरुशल्मी आणि हिलेबो या दोघांनीं त्यावर आक्षेप घेतला, कीं माहिती बावीस देशांची उपलब्ध असतां सहाच कां घेतले? सर्व देश घेतले म्हणजे तो संबंध फारच सैल पडतो. कीज स्वस्थ बसणारे नव्हते. १९५८ पासून त्यांनीं सात देशांतील हजारों पुरुषांची प्रत्यक्ष पाहणी हातीं घेतली. आणि तींत जें आढळलें, तें ‘लो फॅट’च्या भक्तांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ग्रीसच्या क्रीट बेटांतील पुरुषांच्या आहारांत उष्णांकांचा, म्हणजे आपण ज्यांना कॅलरी म्हणतों त्यांचा, शेंकडा चाळीस भाग स्निग्ध पदार्थांपासून येत होता. पूर्व फिनलंडमधील पुरुषांचें प्रमाणहि जवळजवळ तेवढेंच होतें. परंतु हृद्रोग फिनलंडमध्यें सर्वांत अधिक आणि क्रीटमध्यें सर्वांत कमी! फिनलंडमधला स्निग्धांश मुख्यतः दूध-लोण्याचा होता, क्रीटमधला ऑलिव्हच्या तेलाचा. म्हणजे प्रश्न किती स्निग्धांश हा नसून कोणता स्निग्धांश हा होता. अमेरिकन हार्ट असोसिएशननें १९६१ सालीं जो सल्ला दिला, त्यांतहि संपृक्त स्निग्धांशाच्या जागीं असंपृक्त तेलें घ्यावींत, हा भाग स्पष्ट होता. परंतु इतका बारीक भेद वेष्टनावर मावत नाहीं. वेष्टनावर ‘कमी’ हा एकच शब्द मावतो.

त्याच काळांत इंग्लंडमध्यें जॉन युडकिन हे आहारशास्त्रज्ञ साखरेकडे बोट दाखवीत होते. १९७२ सालीं त्यांनीं ह्या विषयावर एक पुस्तकच लिहिलें. पण त्यांचें म्हणणें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. पुढें २०१६ सालीं जुन्या कागदपत्रांतून असें उघडकीस आलें, कीं १९६७ सालीं एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा जो आढावा प्रसिद्ध झाला होता, आणि ज्यांत साखरेकडे कानाडोळा करून दोष स्निग्धांशावर ठेवला होता, त्यासाठीं साखर-व्यवसायाच्या एका संस्थेनें साडेसहा हजार डॉलर दिले होते. त्या नियतकालिकांत ह्या पैशाचा उल्लेख नव्हता. तेवढ्यावरून सारें शास्त्रच विकलें गेलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्या वेळीं असे उल्लेख करण्याचा दंडकहि नव्हता. तरी ‘चोर सोडून संन्याशाला सुळीं’ ही म्हण आठवल्यावांचून राहत नाहीं. अर्थात् येथील संन्यासी अगदींच निष्पाप होता असें नाहीं; संपृक्त स्निग्धांशानें रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढतें, ही गोष्ट आजहि खरीच आहे.

आतां कारखानदारांकडे वळूं. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्याप्रमाणें एखाद्या रूढ खाद्यपदार्थासारखा दिसणारा पण घटकद्रव्यें बदललेला पदार्थ विकावयाचा, तर त्यावर ‘इमिटेशन’, म्हणजे ‘नकली’, असें छापावें लागे. हा शब्द छापलेला डबा कोण विकत घेणार? १९७३ सालीं तेथील अन्न व औषध प्रशासनानें नियम सैल केला: पदार्थ पोषणांत मूळ पदार्थाहून निकृष्ट नसेल, तर त्यास नकली म्हणूं नये. आणि स्निग्धांश किंवा उष्णांक कमी असणें म्हणजे निकृष्ट असणें नव्हे, असेंहि त्यांत ठरविलें. कल्पना वाईट नव्हती. पण ह्या एका वाक्यानें कारखान्याचें दार सताड उघडलें.

चार वर्षांनीं, जानेवारी १९७७ मध्यें, सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीनें अमेरिकन जनतेसाठीं आहाराचीं उद्दिष्टें प्रसिद्ध केलीं. स्निग्धांशाचा वांटा शेंकडा चाळीसवरून तीसवर आणावा, हें त्यांतील गाजलेलें उद्दिष्ट. परंतु त्याच कागदावर साखर कमी करावी, मीठ कमी करावें, फळें, भाज्या आणि न सडलेलीं धान्यें वाढवावींत, असेंहि लिहिलेलें होतें. मांस कमी खा, ह्या वाक्यावर पशुपालकांनीं गिल्ला केला, आणि डिसेंबरांत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत तें वाक्य मऊ करण्यांत आलें. पुढें लोकांच्या लक्षांत राहिलें तें एवढेंच, कीं ‘फॅट’ वाईट. भाजी आणि धान्य विकून कारखान्याला मोठासा नफा होत नाहीं. स्निग्धांश काढलेलें बिस्कीट विकून तो होतो.

सरकारहि ह्या कामीं मागें राहिलें नाहीं. १९९० सालीं अमेरिकेच्या आरोग्यखात्यानें २००० सालापर्यंतचीं जीं उद्दिष्टें जाहीर केलीं, त्यांत एक असें होतें, कीं कमी स्निग्धांशाच्या तयार खाद्यपदार्थांची संख्या १९८६ मधील २,५०० वरून निदान ५,००० वर न्यावी. रोग्यांची संख्या इतकी घटवूं, ह्या उद्दिष्टाबरोबरच पुड्यांची संख्या इतकी वाढवूं, असेंहि उद्दिष्ट असावें, ह्याचें मला राहून राहून नवल वाटतें. त्याच वर्षींच्या पोषण-लेबल कायद्यान्वये पुढें ‘लो फॅट’ची व्याख्या ठरली: एका वेळच्या ठराविक वाढींत तीन ग्रॅम किंवा त्याहून कमी स्निग्धांश. त्या व्याख्येंत साखरेचें नांवहि नाहीं.

येथें क्षणभर स्वयंपाकघरांत जाऊं. शंकरपाळ्यांच्या पिठांत आपण मोहन कां घालतों, हें गृहिणींना सांगावयास नको. मोहन पिठाच्या कणांवर पातळसा लेप चढवितें, त्यामुळें पीठ चिवट होत नाहीं आणि शंकरपाळी तोंडांत विरघळते. शिवाय वेलदोड्याचा किंवा व्हॅनिलाचा सुवास धरून ठेवण्याचें कामहि स्निग्धांशच करतो. मोहन काढलें, तर उरतो तो सुवासहीन दगड. तो खपावयाचा तर खुसखुशीतपणा, ओलावा आणि चव ह्यांची भरपाई करणें भाग. आणि ती साखर, ग्लुकोजची पाकळी, मका-बटाट्याचें सत्त्व, डिंक अशा पदार्थांनीं करण्यांत येते. दह्याचेंहि तेंच. साय काढलेलें दहीं पाणचट लागतें, म्हणून त्यांत दाटपणासाठीं सत्त्व आणि गोडीसाठीं साखर पडते. आतां हिशेब पाहा. एक ग्रॅम स्निग्धांशांत नऊ उष्णांक, एक ग्रॅम साखरेंत चार. पांच ग्रॅम स्निग्धांश काढून त्या जागीं दहा ग्रॅम साखर व पीठ घातलें, तर पंचेचाळीस गेले आणि चाळीस आले. बचत पांच उष्णांकांची! आणि वेष्टनावर मात्र जयघोष.

कारखान्यांनीं ह्याहून चमत्कारिक उपायहि करून पाहिले. १९९० सालीं दूध-अंड्यांतील प्रथिनांचे अतिसूक्ष्म गोळे करून जिभेला सायीचा भास करून देणारें ‘सिंप्लेस’ मंजूर झालें. १९९६ सालीं ‘ओलेस्ट्रा’ हें शरीरांत न पचणारें तेल आलें. तें आंतड्यांतून जसेंच्या तसें बाहेर पडत असल्यामुळें अ, ड, ई, के हीं स्निग्धांशांत विरघळणारीं जीवनसत्त्वें आपल्याबरोबर घेऊन जाई, म्हणून तीं वरून घालावीं लागत. पुड्यावर पोटांत मुरडा व जुलाब होण्याचा इशारा छापण्याचें बंधन होतें, तें २००३ पर्यंत राहिलें. बटाट्याच्या काचऱ्या खाण्यासाठीं एवढा खटाटोप!

ह्या युगाचें खरें प्रतीक मात्र १९९२ सालीं नबिस्को कंपनीनें काढलेलीं ‘स्नॅकवेल्स’ बिस्किटें. चॉकलेटचें वेष्टण, आंत केक, आणि स्निग्धांश नाममात्र. दुकानांतून तीं येतांच संपत. मागणी पुरवितां येईना, तेव्हां कंपनीनें त्या टंचाईचीच जाहिरात केली. एरवीं दोन बिस्किटांवर थांबणारा मनुष्य ‘ह्यांत फॅट नाहीं’ म्हणून अर्धा पुडा संपवी. ह्या मनोवृत्तीला त्या बिस्किटांच्या नांवावरूनच ‘स्नॅकवेल परिणाम’ असा शब्द पुढें इंग्रजींत रूढ झाला. एकादशीला दुप्पट खाणाऱ्या आपल्या लोकांना ती मनोवृत्ति समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ह्या सर्वांचा परिणाम काय झाला? सरकारी पाहणीचे आंकडे उपलब्ध आहेत. १९७१–७४ मध्यें अमेरिकन स्त्रियांच्या आहारांत स्निग्धांशाचा वांटा शेंकडा ३६.१ होता, तो १९९९–२००० मध्यें ३२.८ वर आला. म्हणजे उद्दिष्टाकडे वाटचाल झाली. परंतु त्याच अवधींत त्यांचे दिवसाचे एकूण उष्णांक १,५४२ वरून १,८७७ वर गेले, आणि ही भर मुख्यतः पिष्ट-शर्करेची होती. गुणाकार करून पाहिला तर असें दिसतें, कीं स्निग्धांशाचा वांटा घटला तरी प्रत्यक्ष पोटांत जाणारा स्निग्धांश रोज सुमारें साडेसहा ग्रॅमनीं वाढला! पुरुषांचा तो थोडा घटला, पण त्यांचेहि उष्णांक वाढलेच. ह्या कालांत प्रौढांतील स्थूलतेचें प्रमाण शेंकडा १४.५ वरून ३०.९ वर गेलें. ह्या वाढीला एकटीं बिस्किटेंच कारण झालीं, असें मी म्हणणार नाहीं; मोटारी, मोठे पेले भरून मिळणारीं गोड पेयें, बाहेरचें खाणें अशीं अनेक कारणें त्यांत आहेत. पण त्या पुड्यांनीं ती थांबविली नाहीं, एवढें निश्चित. दुधांतून काढलेली सायहि कोठें नाहींशी झाली नाहीं. अमेरिकनांनीं सायहीन दूध पत्करलें, आणि १९७० नंतरच्या चार दशकांत त्यांचा चीजचा दरडोई खप अडीच पटींहून अधिक झाला.

पुड्यांची गोष्ट सोडून नुसता स्निग्धांश कमी केला तर? हाहि प्रयोग झाला. ४८,८३५ प्रौढ स्त्रियांवर सरासरी आठ वर्षें चाललेल्या ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. एका गटानें एकंदर स्निग्धांश कमी करून फळें, भाज्या व धान्यें वाढविलीं. तरी हृद्रोग किंवा पक्षाघात यांत लक्षणीय घट दिसली नाहीं.

ह्या कथेंत आणखी एक खलपात्र आहे. प्राण्यांची चरबी नको म्हणून तिच्या जागीं हायड्रोजन देऊन घट्ट केलेलीं वनस्पति-तेलें आलीं. १९९० च्या जुलैंत मॅकडॉनल्ड्सनें बटाटे तळण्यासाठीं गाईची चरबी सोडून असें तेल घेतलें. आणि पुढच्याच महिन्यांत मेन्सिंक व काटान या डच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं ह्या तेलांतील ‘ट्रान्स’ स्निग्धांश घातक कोलेस्टेरॉल वाढवितो आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितो. म्हणजे आगींतून फुफाट्यांत. आपल्याकडे १९३७ पासून घरोघरीं गेलेला डालडा हा ह्याच कुळांतला. भारतांत तेल व वनस्पतींतील ट्रान्स स्निग्धांशावर शेंकडा दोनची मर्यादा आली, ती २०२२ च्या जानेवारींत.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिलेल्या सल्ल्यांत प्रौढांनीं एकूण स्निग्धांश उष्णांकांच्या शेंकडा तीसपर्यंतच ठेवावा, असें अजूनहि म्हटलें आहे. पण त्यासोबत संपृक्त स्निग्धांश शेंकडा दहाच्या आंत आणि ट्रान्स एकाच्या आंत असावा, व त्यांच्या जागीं असंपृक्त तेलें किंवा धान्य, भाज्या, फळें व डाळी यांसारखा चोथायुक्त आहार यावा, अशी जोड आहे. मैदा आणि साखर त्या यादींत नाहींत.

आपल्यापुढील प्रश्न अमेरिकेहून अधिक नाजूक आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेही सुमारें दहा कोटि दहा लाख आहेत. आपल्या ताटांत भात, पोळी आणि साखर यांचाच भाग आधीं मोठा. अशा माणसाला हृदय जपण्यासाठीं म्हणून तुपाऐवजीं मैदा-साखरेचें ‘लो फॅट’ बिस्कीट देणें, म्हणजे एका आजाराच्या भीतीनें दुसऱ्याची पाहुणचारानें सोय करणें होय. भारतीय नियमांत १०० ग्रॅम घन पदार्थांत तीन ग्रॅमपर्यंत, व १०० मिलिलिटर द्रव पदार्थांत दीड ग्रॅमपर्यंत स्निग्धांश असला, तर ‘लो फॅट’ म्हणतां येतें. साखरेची अट त्यांतहि नाहीं. मौज अशी, कीं शेंकडा तीन स्निग्धांशाचें आपलें टोन्ड दूध ह्या मापांत बसत नाहीं, आणि भरपूर साखर घातलेलें एखादें फळांच्या स्वादाचें दहीं सहज बसतें! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ च्या मार्गदर्शिकेंत वेष्टनावरील अशा दाव्यांनीं फसूं नये, असा इशारा दिला तो उगाच नव्हे. वेष्टनाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आंकडे असतात. समोरच्या मोठ्या अक्षरांपेक्षां त्यांचेंच वाचन करावें, आणि तेंहि शेजारच्या साध्या पुड्याशीं ताडून.

तेव्हां ‘लो फॅट’ घ्यावें कीं नाहीं? ज्यांतून स्निग्धांश काढला आणि त्या जागीं कांहीं घातलें नाहीं, असें साधें दूध, साधें दहीं, ताक हें ज्याला उष्णांक किंवा संपृक्त स्निग्धांश कमी करावयाचा आहे त्यानें खुशाल घ्यावें. बिस्किटें, केक, गोड दहीं, सॅलडवर घालावयाच्या आयत्या चटण्या यांच्यावरील तोच शब्द मात्र मी हिशेबांत धरीत नाहीं. एक गोष्ट सांगावयाची राहिली. घरांत मोठ्यांसाठीं सायहीन दूध येऊं लागलें, कीं सोयीसाठीं तेंच लहानग्यांच्या वाटींतहि जातें. दोन वर्षांखालील मुलांच्या मेंदूच्या वाढीला स्निग्धांशाची गरज असते. डॉक्टरांनीं मुद्दाम सांगितल्याखेरीज त्यांच्यासाठीं तें वापरूं नये, त्यांचें दूध वेगळें ठेवावें.